किती क्युसेक मागायचे, त्याआधी दार कसं मिटतं ते बघा

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं. सातारा जिल्ह्यातला एक मध्यम प्रकल्प, तुमचं गाव धरणापासून सहा-सात किलोमीटर खाली. उन्हाळ्यात आवर्तन, म्हणजे सिंचनाचं पाळीचं पाणी, सुटतं, कोल्हापुरी बंधारे भरेपर्यंत आठ-दहा दिवस नदी ४०० क्युसेकने (सेकंदाला ४०० घनफूट) वाहते आणि मग एका रात्रीत थांबते. सकाळी वाळू उपसलेल्या खड्ड्यांत वाम, शिंगटी आणि महसीरची बोटभर पिल्लं तडफडत असतात. बगळ्यांची आणि कुत्र्यांची चैन होते. कार्यालयात विचारलं तर सांगतात, आम्ही १५ क्युसेक किमान प्रवाह बारा महिने सोडतो, आणखी काय करायचं? म्हणून तुम्ही विचारताय की १५ चे ३० करून मागावेत का. आणि जाता जाता हेही, की मेलेल्या माशांच्या बदल्यात रोहू-कटल्याचं बीज सोडलं तर चालेल का.

पाटबंधाऱ्याच्या नोकरीत माझी ३१ वर्षं गेली, त्यातली बरीचशी धरणाच्या भिंतीवर. त्या अनुभवावरून सांगतो: तुमची ताकद १५ चे ३० करण्यात घालवू नका. तुमच्या वर्णनात मासे कमी पाण्याने मेलेले नाहीत, पाणी भर्रकन उतरल्याने मेलेत. ३० क्युसेक मिळाले तरी ४०० वरून ३० वर एका तासात आणलं, की त्याच खड्ड्यांत तेवढेच मासे सापडतील.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका धरणावर होतो. संध्याकाळी खालून निरोप आला, शेवटचा बंधारा भरला, पाणी बंद करा. मी लगेच बंद केलं. अर्ध्या तासात दार खाली, नोंदवहीत वेळ टाकली, सही केली, घरी जाऊन जेवलो. मोठं काम नीट पार पाडल्याचं समाधान होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भोई समाजातले एक म्हातारे गृहस्थ भिंतीवर आले. हातात पाटी, पाटीत बोटाएवढी शे-दोनशे मासळी. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, पाणी सोडताना भोंगा वाजवता, माणसं बाजूला होतात. काढून घेताना यांना कोण सांगणार?" पाटी तिथेच ठेवून गेले. दार बंद करण्यालाही काही रीत असू शकते हे तोवर माझ्या डोक्यात कधी आलेलं नव्हतं. प्रशिक्षणात दार उघडण्याबद्दल पानंच्या पानं होती: किती टप्पे, किती अंतराने, पोलीस पाटलांना निरोप कधी. बंद करण्याबद्दल एक ओळ, 'मागणी संपताच विसर्ग बंद करावा'.

आता आत काय घडतं ते बघू. नदीत पाणी वाढलं की लहान मासळी मधल्या धारेत राहत नाही, तिथे तिचा निभाव लागत नाही. ती काठाच्या उथळ, संथ पाण्यात येते. गवताच्या मुळाशी, दगडांच्या फटीत, नव्याने भिजलेल्या वाळूवर. तिथे खायलाही भरपूर मिळतं. आठ-दहा दिवस पाणी टिकलं की तिच्या दृष्टीने तोच काठ. पाणी सावकाश उतरलं तर ती पाण्याबरोबर मागे सरकते. भर्रकन उतरलं तर वाटेतला प्रत्येक उंचवटा बांधासारखा आडवा येतो आणि मागे डबकं उरतं. मोठा मासा धोका ओळखून आधीच डोहाकडे सुटतो. अडकतं ते पिल्लू. म्हणून या मरणाची दखल कुणी घेत नाही. किलोभराचा मासा मेला तर बातमी होते, बोटभर पिल्लं मेली तर बगळे सगळं साफ करून टाकतात आणि तीन वर्षांनी लोक म्हणतात, हल्ली नदीत मासाच राहिला नाही.

दुसरी गोष्ट, पात्राचा आकार. ४०० वरून ३०० क्युसेक केले तर पाण्याची पातळी फारशी हलत नाही. पण शेवटच्या शंभरात तेच शंभर क्युसेक गेले की पात्राचा निम्मा तळ उघडा पडतो. पाणी कमी होत जातं तसा एकेक क्युसेक पातळीला जास्त भारी पडायला लागतो. दार चालवणारे बरोबर याच्या उलट करतात. सुरुवातीला जरा दमानं, आणि शेवटी 'आता राहिलंय किती' म्हणून एकदम मिटवून मोकळे.

ते असं का करतात हेही समजून घ्या, नाहीतर तुमचं बोलणं भांडणावर जाईल. दार उघडं असल्याचा प्रत्येक तास हिशेबात दिसतो, आणि मागणी संपल्यावर वाहिलेलं पाणी 'वाया' या सदरात जातं. टप्प्याटप्प्यानं बंद करायचं तर रात्रभर माणूस लागतो, आणि भिंतीवर माणसं मुळातच कमी. काही ठिकाणी दार अजून हाताच्या चरख्याने फिरवावं लागतं, वीज नसली तर जनरेटर सुरू करावा लागतो. रात्री तीन वाजता भिंतीवर जाऊन चार फेरे फिरवून ये, हे सांगणं सोपं आहे.

तर आता आकडे, कारण कार्यालयात आकड्याशिवाय कुणी ऐकत नाही. समजा ४०० क्युसेक सुरू आहेत आणि १५ वर आणायचंय. एकदम न मिटवता २५०, १५०, ८०, ४० आणि मग १५ असे टप्पे घेतले, पहिल्या चार टप्प्यांवर सहा-सहा तास थांबलो. चोवीस तास झाले. या चोवीस तासांत १५ च्या वर जे जादा पाणी गेलं त्याची बेरीज होते २,७६० क्युसेक-तास, म्हणजे ११५ क्युसेक-दिवस, म्हणजे सुमारे १० दशलक्ष घनफूट. एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट. तेव्हा एका आवर्तनाला एका टीएमसीचा शंभरावा भाग. उन्हाळ्यात तीन आवर्तनं धरली तर ३० दशलक्ष घनफूट. याउलट तुम्ही मागताय ते १५ चे ३० नोव्हेंबर ते जूनचे २४० दिवस सोडायचे तर लागतील ३११ दशलक्ष घनफूट. दसपट! आणि मासे तरीही खड्ड्यात.

गंमत पुढे आहे. हे १० दशलक्ष घनफूटही जादा द्यावे लागत नाहीत. दार मिटवायची जी वेळ ठरली असेल, त्याच्या सव्वासात तास आधी उतरवायला सुरुवात करा. ४०० च्या जागी कमी झालेलं पाणी आणि नंतर सावकाश सोडलेलं पाणी यांचा हिशेब बरोबर जुळतो. तेवढंच पाणी, फक्त शेपूट लांब. ते वाहून समुद्रातही जात नाही, खालच्या बंधाऱ्यातच पडतं. हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा माझ्या वरिष्ठांनी दोनदा तपासून पाहिलं, मग म्हणाले, "हे एवढंच होतं?" एवढंच होतं.

टप्पे कुठले हे मात्र तुमच्या पात्रावर ठरेल. वरचे आकडे नमुना म्हणून घ्या. क्युसेक हे धरणावरचं माप आहे, माशाला क्युसेक कळत नाहीत. त्याच्यापुरतं माप एकच, काठावरचं पाणी तासाला किती बोटं उतरलं. नॉर्वेत सामनच्या कुळातल्या ट्राउट माशांच्या पिलांवर प्रयोग झाले आहेत. पाणी तासाला १० सेंटिमीटरपेक्षा हळू उतरवलं तर अडकणारी पिल्लं बरीच कमी होतात, असं त्यांत दिसलं. आपली मासळी वेगळी, नद्या वेगळ्या, पण सुरुवातीला धरायला तो आकडा वाईट नाही. मी स्वतः त्याच्या निम्मा धरत असे, आणि पात्र पसरट असेल तिथे शेवटच्या दोन टप्प्यांना त्याहूनही कमी.

उतरवण्यावर बंधन घालणं ही काही माझी टूम नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून विजेच्या मागणीप्रमाणे पाणी वर-खाली व्हायचं. खालच्या ग्रँड कॅन्यनमधल्या वाळूच्या काठांची आणि मूळच्या माशांची त्यात वाट लागली, तेव्हा १९९६ साली वेगाला मर्यादा घातल्या. विसर्ग वाढवताना तासाला ४,००० क्युसेकपर्यंत वाढवा, पण कमी करताना तासाला १,५०० च्या वर नाही. २०१६ मध्ये उतरवण्याची मर्यादा २,५०० केली, तरी चढवण्यापेक्षा ती कमीच आहे. नदी प्रचंड असल्याने आकडे प्रचंड आहेत. त्यातला कल तेवढा घ्या.

तुमच्या धरणाला पायथा विद्युतगृह आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे. विजेसाठी पाणी सुटत असेल तर हा चढउतार रोजचा होतो. कोलाडला कुंडलिकेत सकाळी तराफे घेऊन लोक धमाल करतात, ती वरून वीजनिर्मितीचं पाणी सुटल्यावर. पाणी ओसरलं की खेळ संपला. पर्यटकाला ते मजेचं, काठाच्या माशाला रोजची हकालपट्टी. अशा ठिकाणी खाली एखादा बंधारा घालून उसळी त्यात जिरवावी आणि तिथून एकसारखं पाणी सोडावं, हा खरा उपाय. तो गावपातळीवर होणारा नाही. आणि काही ठिकाणी माणसाच्या हातात काहीच नसतं. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या पातळीनुसार आपले आपण उघडतात, प्रत्येकी १,४२८ क्युसेक, आणि आपले आपण मिटतात. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या धरणाची ती शान आहे, पण तिथे 'जरा हळू' कुणाला म्हणणार! तुमच्याकडे मात्र साधं, माणसानं चालवायचं दार असणार असं वर्णनावरून वाटतं. म्हणजे बोलायला जागा आहे.

धरणावर कुणी ऐको न ऐको, एक काम तुम्ही कुणालाही न विचारता करू शकता. आवर्तन सुटण्याआधी, पात्र कोरडं असताना, वाळूचे ते खड्डे बघून ठेवा. प्रत्येक खड्ड्यापासून मुख्य धारेपर्यंत फावड्याने एक चर काढा. हातभर रुंद, खड्ड्याच्या तळाला मिळणारा, धारेकडे उतार असलेला. पाणी उतरायला लागलं की मासळी त्या चरातून आपोआप बाहेर पडते. आम्ही एका ठिकाणी दहा-बारा पोरं घेऊन एका सकाळीत नऊ खड्डे असे फोडले होते. पुढच्या आवर्तनानंतर त्यातल्या सात खड्ड्यांत काहीही अडकलं नाही. राहिलेल्या दोघांचे चर वाळूने बुजले होते. दर आवर्तनाला पुन्हा उकरावे लागतात, तेवढी तयारी ठेवा. मूळ दुखणं वाळू उपशाचं आहे हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. तो विषय काढला की गावात काय होतं तेही.

आता किमान प्रवाहाबद्दल, कारण तुम्ही तिथूनच सुरुवात केली आहे. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१७ साली सांगितलं की नद्यांत उन्हाळी सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी राहिलं पाहिजे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये गंगेसाठी केंद्राची अधिसूचना आली, तिच्यात हरिद्वारपर्यंतच्या वरच्या टप्प्याला नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे २५ टक्के, पावसाळ्यात ३० टक्के असं ठरवलं. गंगेची अधिसूचना आपल्याला लागू नाही, पण तिच्यात एक शहाणपण आहे: महिन्याप्रमाणे आकडा बदलतो. आपल्याकडे 'किमान प्रवाह' म्हटलं की एकच आकडा बारा महिने लावून टाकतात.

त्यात सह्याद्रीतून पूर्वेला जाणाऱ्या नद्यांची गोष्ट हिमालयातल्या नद्यांसारखी नाही. बर्फ नाही. धरणं नव्हती तेव्हाही एप्रिल-मेमध्ये आपल्या बहुतेक नद्या म्हणजे डोहांची माळ असायची, मध्ये कुठे खळाळ, कुठे नुसतीच वाळू. आपली मूळची मासळी याच रीतीत वाढलेली आहे. उन्हाळा डोहात काढायचा, पहिल्या पुराला वर चढायचं. धरणानं हे चक्र उलटं केलं. आता उन्हाळ्यात आवर्तनांमुळे पूर्वीपेक्षा जास्त पाणी, आणि पावसाच्या सुरुवातीला, म्हणजे पाण्याची खरी गरज असते तेव्हा, सगळं धरणात अडवलेलं. एकसारखं, संथ, कोमट पाणी बारा महिने मिळालं तर त्याचा सगळ्यात जास्त फायदा चिलापीला (तिलापियाला) होतो. ती बाहेरची. १९५०च्या दशकात भारतात आणली आणि आता कुठल्याही बंधाऱ्यावर गळ टाका, तीच लागते. नुसतं पाणी वाढवून मागितलं तर तुम्ही नकळत चिलापीची वकिली करत असाल.

कॅलिफोर्नियातल्या पुटा क्रीक नावाच्या छोट्या नदीवर नेमका हाच धडा मिळाला. तिथे २००० साली धरणवाले आणि नदीवाले यांच्यात तडजोड झाली. वर्षाचं एकूण पाणी थोडंसंच वाढलं, पण वसंतात एक उसळी द्यायची, तिथल्या माशांच्या विणीचा काळ सांभाळायचा, असं सोडण्याचं वेळापत्रक बदललं. आधी मूळची मासळी धरणाच्या लगत जेमतेम किलोमीटरभरात उरली होती. दहाएक वर्षांत ती वीस किलोमीटरहून जास्त पात्रात पुन्हा वरचढ झाली.

म्हणून उन्हाळ्यात माझं लक्ष प्रवाहापेक्षा डोहांवर असे. महाडजवळ काळ नदीतला वाळणकोंड तुम्ही पाहिला असेल. देवीचे मासे म्हणून तिथे महसीर कुणी मारत नाही. वाड्याजवळ वैतरणेत तिळसेश्वराच्या देवळापाशीही तसंच. मासे तिथे टिकले याचं श्रेय श्रद्धेला आहेच, पण डोहालाही आहे. नुसत्या श्रद्धेने उथळ पाण्यात महसीर टिकत नाही. तुमच्या धरणापासून पुढच्या बंधाऱ्यापर्यंत असे किती डोह आहेत, मेमध्ये कुठला किती खोल राहतो, ते जुन्या माणसांना विचारून कागदावर उतरवा. १५ क्युसेकचं काम या डोहांतलं पाणी ताजं ठेवणं आणि जमेल तिथे एक डोह दुसऱ्याला जोडून ठेवणं. १५ त्याला पुरतात की नाही हे डोहांवर उभं राहूनच कळेल. दुष्काळाच्या वर्षी तर मी याहून कठोर होईन. टिपूस टिपूस सोडलेलं पाणी दोन किलोमीटरवर वाळूत जिरतं, ना गावाला ना माशाला. त्यापेक्षा तेच पाणी साठवून पंधरा-वीस दिवसांनी एक मोठा घोट द्यावा, डोह भरून घ्यावेत, आणि मधल्या काळात तिथे ब्लीचिंग पावडर आणि जिलेटिनवाले फिरकणार नाहीत हे गावाने बघावं. याला विरोध करणारे मित्र मला आहेत. त्यांचं म्हणणं, तुटलेली नदी ही नदीच नव्हे. चांगल्या पावसाच्या वर्षी मला ते पटतं.

आता पावसाळा. तुम्ही त्याबद्दल विचारलेलं नाही, पण मासे वाढायचे असतील तर सगळी मेख तिथे आहे.

चढणीचे मासे तुम्ही लहानपणी पकडले असतील. कोकणात त्याला वलगण म्हणतात. मृगाचे पहिले पाऊस पडून नदीला गढूळ पाणी आलं, की मासळी धारेच्या उलट निघते, ओढ्या-ओहोळांत, थेट भाताच्या खाचरांपर्यंत. तिला ही वर्दी मिळते ती वाढत्या पाण्याने, थंडाव्याने, गढूळपणाने. धरणाखाली ही वर्दी पोहोचतच नाही. जून-जुलैचा सगळा येवा, म्हणजे वरून येणारं पाणी, धरण गिळून टाकतं. मग ऑगस्टमध्ये ते भरलं की एकदम दरवाजे. कोयनेच्या बातम्या आठवा: आधी पायथा विद्युतगृहातून १,०५०, मग २,१०० क्युसेक, आणि एक दिवस सहा वक्र दरवाजे. तोवर मासळीच्या विणीचा मोसम निम्मा सरलेला असतो.

इथे मागायचं ते असं. जूनच्या शेवटी किंवा जुलैत, खालच्या ओढ्यांना पाणी आलं असेल त्याच दिवशी, धरणातून एक-दोन छोट्या उसळ्या द्या. चढवताना वेगात चालेल, खराखुरा पूरही वेगात येतो. उतरवायला मात्र चार-पाच दिवस घ्या. आणि जिथे महसीर आहे तिथे त्यानंतर दोन आठवडे पाणी त्या पातळीच्या फार खाली जाऊ देऊ नका. महसीर गोट्यांच्या-खडीच्या तळावर अंडी घालते. ती फुटायला अडीच-तीन दिवस लागतात, आणि फुटल्यावरही पिल्लं आठवडाभर खडीच्या फटींत दडून असतात, पोटाला बलकाची पिशवी घेऊन. उसळी देऊन अंडी घालायला लावली आणि चौथ्या दिवशी खडी उघडी पाडली, तर न दिलेली उसळी बरी. मी हे स्वतःच्या अंगावर घेऊन सांगतो. एका वर्षी आम्ही मोठ्या उत्साहाने उसळी दिली, पुढे पावसाने ओढ दिली, आणि दडपण आलं तसं आम्ही दार मिटलं.

चीनमध्ये यांगत्सेवरच्या थ्री गॉर्जेस धरणातून २०११ पासून कार्प माशांच्या विणीसाठी अशा उसळ्या देतात, पाणी १८ अंशांच्या वर तापलं की काही दिवस विसर्ग चढता ठेवतात. एवढं अजस्र धरण हे करू शकतं, तर मध्यम प्रकल्पाला अशक्य नाही.

'भरायच्या दिवसांत पाणी सोडा म्हणता?' असं तुम्हाला विचारतील. उत्तर तयार ठेवा. प्रत्येक धरणाला परिचालन सूची असते, कुठल्या तारखेला किती साठा असावा याची. जुलैत साठा त्या रेषेच्या वर गेला तर पुरासाठी जागा ठेवायला पाणी सोडावंच लागतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर याबाबत कुणी हलगर्जी करत नाही. जे पाणी सोडायचंच आहे, त्यालाच आकार द्या एवढंच आपलं म्हणणं. साठा रेषेच्या खाली असेल तर त्या वर्षी उसळी मागू नका, मागितली तर पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी दारात उभं करणार नाही. आणि खाली पूर असेल, गावांना इशारा दिलेला असेल, तेव्हा मासा हा शब्दही काढू नये.

तुमच्याकडे कोल्हापुरी बंधारे आहेत म्हणून एक जोड. पावसाआधी बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवलेल्या फळ्या, काढतात ते कधी, कसे, ते बघा. उशीर झाला तर पहिली चढण बंधाऱ्याखालीच आपटत राहते आणि तिथे जाळी लावून बसलेलेच असतात. आणि सगळे बर्गे एका दिवसात ओढले तर तळाचं काळं, सडकं पाणी एकदम खाली सुटतं, प्राणवायू संपतो, मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात. वरचे बर्गे आधी, दोन-तीन दिवसांत खालपर्यंत, आणि शक्य तर धरणातून थोडं ताजं पाणी वाहत असताना. निदान एक गाळा तळापर्यंत लवकर मोकळा केला तरी वाट होते.

पाणी धरणाच्या कुठल्या थरातून येतं, हाही मुद्दा आहे, पण तुमच्या वर्णनात त्याची लक्षणं नाहीत. सोडलेल्या पाण्याला अंड्यासारखा वास येत असेल, दगडांवर तांबूस-काळा थर बसत असेल, किंवा मेमध्येही पाणी पायाला गारठवत असेल, तर तळाचं पाणी येतंय असं समजा. तेव्हा वेगळा विचार करावा लागेल. पाणी सुटताना ते फवाऱ्यासारखं फुटून पडत असेल तर त्यात बरीच हवा मिसळते आणि त्रास पुष्कळ कमी होतो.

रोहू-कटल्याचं बीज: नको. ते गंगेच्या खोऱ्यातले मासे. तलावात, धरणाच्या जलाशयात सोसायट्या त्यावर पोट भरतात, त्याला माझी हरकत नाही. पण नदीत सोडून वामीची किंवा शिंगटीची भरपाई होत नाही. महसीरचं बीज सोडू म्हणाल, तर तेही जपून. आपला दख्खनी महसीर, शास्त्रीय नावात 'खुद्री' म्हणतात तो, साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून नोंदवला आणि नावही इथल्याच बोलीतून घेतलं. लोणावळ्याला टाटांच्या वलवण तलावाकाठी १९७०च्या दशकापासून त्याचं बीज तयार होतं, आणि ते काम कौतुकाचं आहे. पण हेच बीज कावेरीत सोडलं गेलं आणि तिथे हा मासा इतका फोफावला, की कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर, पन्नास किलोच्या वर वाढणारा, २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त यादीत गेला. धरणं, वाळू, सुरुंग ही कारणं तिथेही आहेतच. पण परक्या नदीत पाहुणा म्हणून सोडलेला मासा पुढे घरमालक होतो, हे त्यातून दिसलं. तुमच्या नदीत महसीर अजून वितोय, पिल्लं सापडताहेत. बाहेरून आणायची गरज नाही, आहेत ती जगू द्या.

कार्यालयात जाल तर फेब्रुवारीत जा. मेमध्ये मेलेले मासे घेऊन गेलात तर ते आंदोलन होतं, फेब्रुवारीत वेळापत्रक घेऊन गेलात तर ती सूचना असते. उन्हाळी आवर्तनांचं नियोजन कालवा सल्लागार समितीत ठरतं, त्याआधी शाखा अभियंत्याला भेटा. जैवविविधता वगैरे शब्द पहिल्या भेटीत नकोत. एक पान न्या: दार सव्वासात तास आधी उतरवायला घ्या, हे टप्पे, एकूण पाणी तेवढंच. टप्पे त्यांच्या पाळीला जुळवून सुचवा, म्हणजे दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा, सकाळी सहा आणि पुन्हा दुपारी बारा. आणि शेवटचा, १५ वर आणण्याचा टप्पा दिवसाच ठेवा, म्हणजे काही अडकलंच तर बादल्या घेऊन धावायला माणसं जागी असतील.

त्याआधी एक गोष्ट करून ठेवा. गावाच्या पुलाच्या खांबावर तळापासून दर दहा सेंटिमीटरला ऑइल पेंटने पट्टा मारा आणि येत्या आवर्तनाचं पाणी उतरताना दर अर्ध्या तासाला मोबाइलने फोटो काढा. दार कधी, किती मिटलं याच्या नोंदी धरणावर असतातच, नाही दिल्या तर माहितीच्या अधिकारात मिळतात. दोन्ही शेजारी ठेवलं की धरणावर दार मिटल्यापासून किती तासांनी तुमच्याकडे पाणी उतरतं आणि तासाला किती, हे स्पष्ट दिसेल. ते फोटो, नदीपात्राची रुंदी, आणि पायथा विद्युतगृह आहे की नाही, एवढं इथेच टाका. मग तुमच्या नदीचे टप्पे मी बसवून देतो.